जुन्या पिकअपचा क्लच : आधी दोष ओळखा, मग गिअरबॉक्स उतरवा

सोयाबीनची रास पदरात पडली की नायगाव, बिलोली, देगलूर, मुखेड या भागातील शेतकऱ्यांची धावपळ सुरू होते ती माल मोंढ्यावर पोहोचविण्याची. नायगावहून नांदेडचा मोंढा पन्नासेक किलोमीटर. घरची पिकअप असली तर भाड्याचे पैसे वाचतात आणि भाव पाहून माल नेता येतो. परंतु दसरा ते दिवाळी या नेमक्या दिवसांतच जुनी गाडी पाणंदीच्या चिखलात किंवा एखाद्या चढावर दगा देते. इंजिन ओरडते, जळका वास सुटतो आणि गाडी मात्र जागची हलत नाही. गॅरेजमध्ये नेल्यावर ठरलेले उत्तर मिळते, "मालक, क्लच गेला, पूर्ण सेट टाकावा लागेल." गिअरबॉक्स खाली येतो, सामान शहरातून मागवावे लागते, दोन-तीन दिवस मोडतात. इकडे रास उघड्यावर आणि आभाळ भरून आलेले.

क्लच खरोखरच झिजला असेल तर दुसरा इलाज नाही. परंतु पुष्कळदा दोष क्लच प्लेटमध्ये नसून पेडल, केबल, तेलाची नळी किंवा रबरी वायसर अशा बाहेरच्या आणि थोड्या खर्चाच्या भागात असतो. हा फरक गाडीच्या मालकाला घरच्या अंगणात, गिअरबॉक्सला हात न लावता अर्ध्या तासात ओळखता येतो.

प्रस्तुत लेखकाने ही चूक स्वतः केलेली आहे. घरच्या जुन्या पिकअपचा गिअर सकाळी सकाळी पडेनासा झाला. रिव्हर्स टाकताना कर्रकर्र आवाज येई. मेकॅनिकने सांगितले म्हणून क्लच प्लेट व प्रेशर प्लेट बदलली. दोन दिवस गाडी बरी चालली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच! शेवटी शेजारच्या गावातील एका वयस्कर ड्रायव्हरने पेडल लागोपाठ तीन-चार वेळा दाबले आणि गिअर अलगद पडला. त्याने पायाखालची चटई उचलून दाखविली. खालचा पत्रा तेलाने ओला होता आणि रंगाला फोड आले होते. मास्टर सिलिंडरचे वायसर गेले होते, एवढाच दोष. वायसरच्या किटला काही शे रुपये लागले. सेटला काही हजार अगोदरच गेले होते. काढून टाकलेली जुनी प्लेट घरी आणून पाहिली तर तिच्यावर निम्म्याहून अधिक लायनिंग शिल्लक होते. त्या तीन दिवसांत शेतातल्या राशीवर एक पाऊस पडून गेला, तो हिशेब वेगळाच.

क्लचचे काम कसे चालते

टाटा ४०७ (१९८६), टाटामोबाईल (१९८८), नंतरच्या महिंद्राच्या पिकअप, २००५ मध्ये आलेली टाटा एस, अशा मराठवाड्यात दिसणाऱ्या बहुतेक जुन्या मालवाहू गाड्यांत क्लचची रचना मूलतः एकच आहे. इंजिनच्या मागील टोकाला जड फ्लायव्हील असते. त्याला टेकून साधारण एक वीत किंवा थोडी अधिक व्यासाची क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना लायनिंग रिव्हेटने बसविलेले असते. मागून प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. दोन पाटांमध्ये भाकरी दाबून धरावी तशी ही प्लेट धरलेली असते आणि त्या पकडीच्या जोरावरच इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. आपण पेडल दाबतो तेव्हा एक फोर्क हलतो, तो रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देते आणि पकड सुटते.

पायापासून फोर्कपर्यंत हा दाब नेण्याच्या दोन पद्धती आहेत. काही गाड्यांत सायकलच्या ब्रेकसारखी पण जाड केबल असते. काहींत ब्रेक ऑइल असते. पेडलजवळ मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे हे बॉनेट उघडून प्रथम पाहून घ्यावे. पुढील तपासणी त्यावर अवलंबून आहे.

घसरतो की सुटत नाही?

क्लचचे दोष अनेक असले तरी मालकाने स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न एकच आहे. क्लच घसरतो आहे, की सुटत नाही? घसरतो म्हणजे पकड कमी झाली आहे. सुटत नाही म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही पकड मोकळी होत नाही. हे दोन दोष एकमेकांच्या उलट आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. गॅरेजमध्ये मात्र दोन्हींना "क्लच गेला" असेच म्हणतात, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

घसरणारा क्लच ओळखण्याची परीक्षा अशी. गाडी सपाट जागेवर, रिकामी उभी करावी. हँडब्रेक ओढावा, पुढील व मागील चाकांना मोठे दगड लावावेत, गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये. इंजिन चालू करून पाय ब्रेकवर ठेवावा, वरचा म्हणजे तिसरा किंवा चौथा गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन गुदमरून बंद पडते. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. इंजिन बंद पडले नाही तर दोन-तीन सेकंदांत पेडल पुन्हा दाबावे. ही परीक्षा एकदाच करावी, हौसेने पुन्हा पुन्हा करू नये; प्रत्येक वेळी लायनिंग जळते.

रस्त्यावर हा दोष चढावर आधी दिसतो. कंधार-मुखेडकडील बालाघाटाच्या चढावर भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये असताना रेस दिली आणि इंजिनचा आवाज वाढला, पण वेग वाढला नाही, तर तो क्लच समजावा. येथे एक खूण लक्षात ठेवावी. एअर फिल्टर किंवा डिझेल फिल्टर तुंबल्यानेही गाडी ओढत नाही, परंतु त्या वेळी इंजिनचा आवाज वाढत नाही, उलट ते दबते. तसेच ब्रेक चिकटून राहिल्यास गाडी जड चालते आणि थांबल्यावर चाकाचा ड्रम हाताजवळ धरवत नाही इतका तापलेला असतो. या दोन्हींत क्लचचा काही दोष नाही.

न सुटणारा क्लच ओळखणे याहून सोपे आहे. इंजिन संथ चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. कर्रकर्र आवाज आला किंवा गिअर पडताना गाडीने हिसका दिला तर क्लच सुटत नाही. आता इंजिन बंद करून तोच गिअर टाकून पाहावा. बंद इंजिनवर सहज पडतो आणि चालू इंजिनवर पडत नाही, तर दोष क्लचकडे. बंद इंजिनवरही अडतो, तर दोष गिअरच्या दांडीत, तिच्या जोडात किंवा गिअरबॉक्समध्ये आहे. क्लच खोलून उपयोग नाही.

पेडलची मोकळी चाल

क्लच घसरत असो वा सुटत नसो, पहिली तपासणी पेडलची करावी. हाताने पेडल हळू दाबले असता सुरुवातीला ते थोडे अंतर विनाजोर जाते आणि नंतर जड लागते. या विनाजोर अंतराला मोकळी चाल म्हणतात. केबलच्या बहुतेक गाड्यांत ती सर्वसाधारणपणे १० ते २५ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या ते एक इंचाच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच धरावा. फूटपट्टी पेडलशेजारी उभी धरून हे माप घेता येते.

प्लेट झिजत जाते तशी केबलच्या गाडीत ही चाल कमी कमी होते. ती अजिबात उरली नाही म्हणजे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर सतत दाबलेले राहते. आपण पेडल सोडले तरी बेअरिंग ते अर्धवट दाबूनच धरते! चांगली प्लेटही मग घसरू लागते आणि बेअरिंगही लवकर जाते. उलट चाल फार वाढली तर पेडल तळाला टेकले तरी पकड सुटत नाही आणि गिअर अडतात. दोन्ही दोष केबलच्या टोकावरील नट फिरवून दूर होतात. एका पान्याचे काम आहे. प्लेट बदलण्याचे ठरविण्यापूर्वी हे करून पाहिले नाही असे मालक आणि मेकॅनिक दोन्ही पाहण्यात येतात. मात्र नट फिरवून चाल योग्य आणली तरी क्लच घसरतच असेल, किंवा नटाचे आटेच संपले असतील, तर प्लेट झिजली असे समजावे.

केबलची तपासणी करताना तिच्या दोन्ही टोकांकडे पाहावे. तारेचा एखादा पदर तुटलेला असेल तर ती केबल हंगामात भरवशाची नाही. पावसाळ्यात चिखल जाऊन केबल आतून जड होते, पेडल सावकाश परत येते. अशी केबल बदलावी. काही केबलना आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते, त्यात ग्रीस किंवा जुने इंजिन ऑइल ओतू नये. ते अस्तर फुगून केबल अधिकच अडते. एक जादा केबल सीटखाली ठेवलेली असावी.

तेलाच्या क्लचमधील दोष

ब्रेक ऑइलवर चालणाऱ्या क्लचमध्ये न सुटण्याचा दोष जास्त आढळतो. पेडल दोन-चार वेळा लागोपाठ दाबल्यावर गिअर पडत असेल तर प्लेट निर्दोष आणि तेलाचा मार्ग सदोष असे बहुतांशी खात्रीने सांगता येते. प्रथम डबीतील तेलाची पातळी पाहावी. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची डबी एकच असते. तशा गाडीत पातळी उतरली असेल तर हा प्रश्न ब्रेकचाही आहे, आणि गळती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

गळती दोन ठिकाणी पाहावी. पेडलच्या वर, मास्टर सिलिंडरची दांडी आत येते तेथे बोट फिरवावे आणि चटई उचलून पत्रा पाहावा. नंतर गाडीखाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरवरील रबरी टोपी जरा बाजूला करून पाहावी; ओली असेल तर तिच्या आतील वायसर गेले. कोठेही गळती नाही, पण पेडल दाबून धरले असता ते पायाखाली हळूहळू खाली जाते किंवा गिअरमध्ये थांबलेली गाडी आपोआप पुढे सरकू लागते, तर मास्टर सिलिंडरचे वायसर आतल्या आत तेल सोडत आहे.

वायसर बदलल्यावर किंवा डबी रिकामी झाल्यावर नळीत हवा शिरते व पेडल फुसके लागते. हवा काढण्यास दोन माणसे लागतात. स्लेव्ह सिलिंडरवरील निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा ढिले करावे, बुडबुडे निघाले की कसावे, आणि त्यानंतरच पेडल सोडावे. निपल कसण्यापूर्वी पेडल सोडले तर हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे व डबी मधूनमधून भरत राहावी.

डबीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४ चे, सीलबंद ब्रेक ऑइल वापरावे. इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिकचे तेल चुकूनही घालू नये. खनिज तेलाने ही रबरे फुगतात व सगळे वायसर बदलावे लागतात. ट्रॅक्टरसाठी घरात तेलाचे डबे असतातच, त्यामुळे ही चूक शेतकऱ्याच्या घरी सहज होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून वर्षभर उघडा राहिलेला डबा वापरू नये. अंगावर किंवा गाडीच्या रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे आणि डोळ्यांना जपावे.

तेलाच्या क्लचमध्ये घसरण्याचेही एक फसवे कारण आहे. पेडल आणि मास्टर सिलिंडरची दांडी यांत थोडी फट असावी लागते. कोणी पेडल उंच करण्यासाठी दांडी लांब केली आणि ती फट संपली, की दाबलेले तेल डबीत परत येत नाही. इंजिनच्या उष्णतेने ते फुगते आणि क्लचला अर्धवट दाबून ठेवते. सकाळी गाडी चांगली, वीस-तीस किलोमीटर गेल्यावर घसरू लागते, अशी तक्रार असेल तर इंजिन बंद करून स्लेव्हचे निपल क्षणभर ढिले करून पाहावे. तेलाची चिळकांडी उडाली आणि निपल कसल्यावर क्लच धरू लागला, तर दोष या दांडीचा आहे. नवीन सेट टाकूनही तो जाणार नाही.

आवाज आणि थरथर

गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन संथ चालू. पेडलवर पाय टेकवताच किरकिर सुरू होते आणि सोडताच थांबते, तर रिलीज बेअरिंग गेले. याउलट पेडल सोडलेले असताना घरघर आणि दाबल्यावर शांतता, तर गिअरबॉक्सच्या पुढील शाफ्टचे बेअरिंग पाहावे. आवाज येऊ लागलेले बेअरिंग काही दिवस साथ देते, परंतु भर हंगामाच्या तोंडावर त्यावर विसंबू नये.

गाडी सुटताना थरथरत असेल तर इंजिनखालील रबरी फाउंडेशन फाटले आहे का ते आधी पाहावे. ते ठीक असेल तर बहुधा प्लेटवर तेल आले आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावर खालच्या बाजूला बोट लावून पाहावे. पातळ काळे तेल असल्यास इंजिनचे मागील ऑइल सील, घट्ट आणि उग्र वासाचे असल्यास गिअरबॉक्सचे पुढील सील गळते आहे. तेल मुरलेले लायनिंग पेट्रोलने धुवून वा जाळून सुधारत नाही, प्लेट बदलावीच लागते. पण सील न बदलता प्लेट बदलली तर नवी प्लेटही थोड्याच महिन्यांत त्याच वाटेने जाते.

गिअरबॉक्स उतरविलाच तर

वरील सर्व पाहूनही दोष प्लेटचाच ठरला तर गिअरबॉक्स उतरविण्याचे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे, पण मालकाने समोर उभे राहावे. जुनी प्लेट हातात घेऊन पाहावी. रिव्हेटच्या डोक्यावर लायनिंग जेमतेम ०.३ मिलिमीटर उरले असेल, मधल्या स्प्रिंगा खिळखिळ्या असतील किंवा प्लेट काळी चकचकीत झाली असेल तर ती बाद. आता मात्र प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकत्र बदलणे हिताचे आहे. येथे काटकसर करू नये, कारण चार महिन्यांनी बेअरिंग गेले तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. फ्लायव्हीलवर निळे डाग, भेगा किंवा खाचा असतील तर ते लेथवर तपासून घ्यावे.

आतील धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरलेले असे. ती धूळ फुप्फुसात गेल्यास वर्षांनंतर गंभीर आजार उद्भवतात. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे. नवीन रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुण्याची काही ठिकाणी रीत आहे, ती चुकीची आहे. सीलबंद बेअरिंगमधील ग्रीस त्यामुळे निघून जाते. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे असावी हे बहुधा तिच्यावरच लिहिलेले असते. ती उलटी बसली तर सर्व जोडून झाल्यावर क्लच सुटत नाही आणि पुन्हा सारे उतरवावे लागते.

काळ्या रानातील गाडी

क्लच अकाली जाण्याचे आपल्या भागातील मोठे कारण म्हणजे ओझे आणि हाफ क्लच. दीड टनाच्या आतबाहेर क्षमतेच्या गाडीत पंचवीस-तीस क्विंटल सोयाबीन भरले जाते. शिवाय मन्याड काठची काळी जमीन ओली असली की चाक रुतते आणि ड्रायव्हर पेडल अर्धे दाबून रेस देत राहतो. गाडी हलत नाही तेव्हा इंजिनची क्लचपर्यंत आलेली सगळी ताकद प्लेटवर उष्णता बनते. दहा किलोवॉट ताकद धरली तरी एक किलोवॉटच्या दहा विजेच्या शेगड्या त्या वीतभर प्लेटवर पेटविल्यासारखे होते. अशी दोन-चार मिनिटे प्लेट जाळण्यास पुरेशी आहेत.

चाक रुतले तर जळका वास येण्यापूर्वीच थांबावे. चाकापुढील चिखल खोऱ्याने काढून तुराट्या, पऱ्हाट्या किंवा रिकामी पोती चाकाखाली घालावीत. तरीही निघत नसेल तर निम्मी पोती उतरवावीत किंवा ट्रॅक्टरने ओढून काढावी. हमालीचे पैसे क्लच सेटपेक्षा कमीच लागतात. शेतात गाडी नेण्याऐवजी पोती बैलगाडीने रस्त्यापर्यंत आणणे पावसाळी दिवसांत केव्हाही सोयीचे. भरलेली गाडी नेहमी पहिल्या गिअरवरच सोडावी. चढावर थांबावे लागल्यास हँडब्रेक ओढावा, क्लचवर गाडी तोलून धरू नये. ट्रॅक्टर चालविणाऱ्या मुलांना पेडलवर पाय टेकवून ठेवण्याची सवय असते, ती या गाडीवर मोडावी. नवीन प्लेट टाकल्यावर पहिले चार-पाचशे किलोमीटर ओझे बेताचे ठेवावे.

वाटेत केबल तुटली तर

नरसीच्या पुढे रात्री केबल तुटली आणि जवळ जादा केबल नाही, अशी वेळ येते. शक्य असेल तर गाडी तेथेच बाजूला घेऊन, मागे दगड व फांद्या नव्हे तर त्रिकोणी लाल खूण ठेवून मदत मागवावी. रस्ता मोकळा व सपाट, गाडी रिकामी आणि गाव जवळ असेल तरच पुढील उपाय करावा. इंजिन बंद असताना पहिला गिअर टाकावा, पुढे कोणी नाही याची खात्री करावी, हँडब्रेक सोडावा आणि स्टार्टर द्यावा. जुन्या गाड्या हिसका देऊन गिअरमध्येच चालू होतात. त्याच गिअरमध्ये, माणसाच्या धावेच्या वेगाने, कडेने चालावे. थांबायचे झाल्यास ब्रेक दाबून चावीने इंजिन बंद करावे. चढ, घाट आणि बाजारपेठेतील गर्दी यांत हा उपाय करू नये.